जून झालेल्या सुगंधी झुडपांची छाटणी : कुठे कापावं, कुठे हात आखडता घ्यावा

हिरवी_फांदी (धागाकर्ती)

रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज, थाइम ही मंडळी पहिली दोन-तीन वर्षं गुटगुटीत दिसतात आणि मग बुडातून उघडी पडायला लागतात. वर पानांचा झुपका, खाली करड्या काड्या, मध्ये फाकलेलं झुडूप आणि जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या. अशा वेळी "निम्मं कापून टाका, दणकून फुटेल" हा सल्ला हमखास मिळतो. गुलाबाला, जास्वंदीला तो चालतो. लॅव्हेंडरला चालत नाही, आणि रोझमेरीला बऱ्याचदा चालत नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा.

एक फांदी शेंड्यापासून बुडापर्यंत नीट बघितली तर तिचे तीन भाग दिसतात. वरचा कोवळा, हिरवा, वाकवला तर वाकणारा. मधला अर्धवट लाकडी: साल तपकिरी पडायला लागलेली, पण पेरापेरांत पानं किंवा बारीक फुटवे टिकून असलेले. खालचा निव्वळ लाकूड: साल भेगाळलेली, सोललेली, पानाचा पत्ता नाही.

पहिल्या भागात कुठेही कापा, फुटणारच. दुसऱ्या भागात कापायचं तर जिवंत फुटव्याच्या वरच. तिसऱ्या भागात काय होईल ते झाडावर अवलंबून, आणि सगळी गल्लत तिथेच होते. पानांच्या बगलेत जे डोळे असतात त्यांना शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक दाबून ठेवतं. शेंडा उडवला की दाब जातो आणि डोळे जागे होतात. पण जागं व्हायला डोळा जिवंत असावा लागतो. लॅव्हेंडर-रोझमेरीच्या जुन्या लाकडात असे डोळे फार कमी उरतात. उघड्या लाकडात कापलं की वरचा शेंडाही गेला आणि खाली फुटायलाही काही नाही. ती फांदी वाळते.

म्हणून झुडपाची उंची मोजत बसू नका. प्रत्येक फांदीवर सगळ्यात खालचं हिरवं कुठे आहे ते शोधा. कात्री त्याच्या वर थांबते.

वेगवेगळ्या झाडांचा अनुभव असलेल्यांनी भर घालावी. "आमच्याकडे छान फुटलं" एवढंच न लिहिता कुठे कापलं, कोणत्या हंगामात, फांदी किती जाड होती तेही लिहा.

काडीपैलवान

छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. झोपलेला डोळा ओळखायचा कसा? मला तर सगळी साल सारखीच दिसते.

हिरवी_फांदी

फांदीवर जिथे कधीकाळी पानांची जोडी होती तिथे एक आडवी, किंचित उंचावलेली कडी राहते. तेच पेर. या सगळ्या कुळात पानं समोरासमोर येतात, त्यामुळे कडीच्या दोन्ही बाजूंना बघा. जिवंत डोळा मोहरीपेक्षाही लहान असतो, टोकदार, हिरवट किंवा फिकट. बोट वरून खाली फिरवलं तर खुपतो. जिथे कडी सपाट झाली आहे, सालीत बुजून गेली आहे, तिथून फारशी आशा धरू नये.

फांदी जिवंत आहे का हा प्रश्न वेगळा. त्यासाठी नखाने साल जराशी खरवडायची. आत ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी-कोरडं दिसलं तर मेलेली. पण जिवंत फांदी फुटेलच असं मुळीच नाही. सालीखाली हिरवंगार असूनही लॅव्हेंडरचं उघडं लाकूड ढिम्म हलत नाही. खरवडून बघणारे इथेच फसतात.

जांभळा_तुरा

लॅव्हेंडरबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण सगळ्यात जास्त बळी त्याचेच जातात.

आधी तुमच्याकडे कोणतं लॅव्हेंडर आहे ते ठरवा. सडपातळ पानांचं, बिनकातरी, लांब दांड्यावर कणीस धरणारं ते इंग्लिश (अँगुस्टिफोलिया). त्याच्या संकराला लॅव्हेंडिन म्हणतात, ते मोठं आणि जास्त उंच. कणसाच्या डोक्यावर सशाच्या कानांसारख्या पाकळ्या असलेलं ते स्टोकस. पानांना दातेरी कडा असलेलं ते डेंटाटा.

इंग्लिश आणि लॅव्हेंडिनची मुख्य छाटणी बहर ओसरल्या ओसरल्या. कणसं करडी पडली की नुसते दांडे काढून थांबू नका. दांड्याखाली पानांची जी वाढ आहे तिच्यातलाही अडीच-तीन सेंटीमीटर भाग घ्या. खाली लाकडाच्या वर निदान चार-पाच सेंटीमीटर पानांचा भाग राहिला पाहिजे. मूठभर दांडे एका हातात धरायचे, दुसऱ्या हाताने कात्री चालवायची, आणि आकार घुमटासारखा ठेवायचा. वरून सपाट कापलं तर मधल्या फांद्यांना मोकळीक मिळते, कडेच्या दबतात, आणि झुडूप पुन्हा मध्येच फाकतं.

स्टोकस आणि डेंटाटा जास्त नाजूक. त्यांना वर्षातून एकदाची जोरदार छाटणी नको. पहिला बहर संपला की कणसं आणि त्याखालची पानांची एखाद-दुसरी जोडी, पुढच्या बहरानंतर पुन्हा तेवढंच. थोडं थोडं, पण न चुकता.

आणि हे सगळं रोप लहान असल्यापासून. नवीन रोपाला पहिल्या वर्षी फुलं धरू देण्यापेक्षा शेंडे खुडत राहिलं तर बुडातूनच आठ-दहा फांद्या निघतात. पहिली तीन वर्षं कात्री न लागलेलं लॅव्हेंडर चौथ्या वर्षी दुरुस्त करू म्हणाल तर हातात फारसे उपाय उरत नाहीत.

काडीपैलवान

@जांभळा_तुरा, नेमकं तेच विचारायचं होतं. खाली वीतभर उघडं लाकूड आहे आणि वर पानं आहेत, असं लॅव्हेंडर वाचवता येतं का?

जांभळा_तुरा

उघड्या भागात एकही फुटवा दिसत नसेल तर त्या भागाला पुन्हा पानं यायची नाहीत, असंच समजून चाला. वरचा हिरवा भाग बहरानंतर एक तृतीयांश कमी करा, म्हणजे वजन घटेल, फांद्या फाकणार नाहीत आणि झुडूप आणखी एक-दोन हंगाम देखणं राहील. त्याच वेळी कापलेल्या शेंड्यांची छाटकलमं लावून टाका. नवीन रोपं तयार झाली की जुनं काढायचं. चांगल्या निचऱ्यात आणि नियमित छाटणीत लॅव्हेंडर दहा वर्षंही जातं, पण ते जुनाट लाकूड जपून हाती काही लागत नाही.

बुडाशी फुटवे असतील तर मात्र डाव वेगळा. ते चार-पाच सेंटीमीटर लांब होऊ द्या, मग त्यांच्या वरची जुनी फांदी काढा. एका वेळी सगळ्या फांद्या नकोत.

सालपापुद्रा

रोझमेरीसाठी मी एक क्रम सुचवतो, घाईवाल्यांना आवडणार नाही.

समजा झुडूप चार-साडेचार फूट उंच आहे, खाली दीड फूट उघडं आहे आणि आत अंधार आहे. खाली फुटवे नाहीत याचं एक कारण हा अंधारच. म्हणून पहिल्या फेरीत खालच्या लाकडाला हात लावायचाच नाही. आधी मेलेल्या, मोडलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढा. मग वरच्या बाहेरच्या शेंड्यांचा साधारण चौथा हिस्सा, फार तर एक तृतीयांश, पानांच्या भागातच कापा. आत ऊन शिरलं पाहिजे.

आता सहा ते आठ आठवडे थांबा, तेही वाढीच्या हंगामात. या काळात अर्धवट लाकडी भागातून, आधी होता त्याच्या बराच खालून, बारीक फुटवे डोकावायला लागतात. ते बोटाच्या पेराएवढे झाले की दुसरी फेरी: सगळ्यात जून अशा एक तृतीयांश फांद्या निवडून त्या या नव्या फुटव्यांच्या वर अर्ध्या सेंटीमीटरवर कापा. उरलेल्यांतल्या निम्म्या पुढच्या वर्षी, आणि बाकीच्या त्याच्या पुढच्या वर्षी. तीन वर्षांत सांगाडा बदलतो आणि झाड एकदाही बोडकं होत नाही.

रोझमेरीची फुलं आदल्या वर्षीच्या वाढीवर येतात. बहराच्या आधी छाटलंत तर फुलं गेलीच म्हणून समजा. बहर संपताच कात्री घेतली की फुलंही मिळतात आणि नव्या वाढीला पुढचा सगळा हंगामही मिळतो.

जमिनीवर पसरणाऱ्या जातीला वरून कातरून काही उपयोग नाही. तिथे लांब फांदी उचलून बघायची, खालच्या बाजूने एखादी उपफांदी निघालेली असते, तिथपर्यंत मागे यायचं.

अवांतर: रोझमेरीचा समावेश आता शास्त्रीयदृष्ट्या सेजच्याच साल्व्हिया या प्रजातीत होतो, २०१७ साली तसं सुचवलं गेलं आणि ते बऱ्याच ठिकाणी स्वीकारलंही गेलं. पण कात्रीपुढे दोघी अजिबात सारख्या वागत नाहीत.

मातीत_हात

सेज रोझमेरीपेक्षा बरंच दिलदार आहे, दुजोरा. सेजच्या बुडाशी, अगदी जमिनीलगत, फुटव्यांचे झुबके नेहमी दिसतात. ते दिसत असतील तर वरची फांदी त्यांच्यापर्यंत खाली आणायला हरकत नाही. न दिसणाऱ्या फांद्यांवर मात्र तिथेही जुगार खेळू नये.

वेळ: थंडी संपून नवी पानं हलायला लागली की. थंडीच्या तोंडावर सेज कधीही खोलवर छाटू नका. जुनी पानं झाडाच्या मध्यभागाला आडोसा देतात, आणि कापल्यामुळे आलेला कोवळा फुटवा पहिल्या दहिवरात (गोठलेल्या दवात) काळा पडतो. बहरानंतर फुलांचे दांडे काढणं ही वेगळी गोष्ट, ती खुशाल करा.

सेजची पानं मोठी, केसाळ, ओलावा धरून ठेवणारी. दाट झुडपात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आधी तिथेच येते. त्यामुळे आतल्या दोन-तीन फांद्या पूर्ण काढणं हे बाहेरून कातरण्यापेक्षा जास्त कामाचं.

थाइमचं थोडक्यात: बहरानंतर वरचा निम्मा हिरवा भाग, लाकडाच्या वर. हात थरथरू देऊ नका, पण उघड्या काड्यांपर्यंतही जाऊ नका. चार-पाच वर्षांनी मधलं टक्कल पडतंच, तेव्हा त्याला दाबकलमाने गाठायचं. कलमवाल्यांनी लिहावं.

कलमबहाद्दर

आलो.

मध्ये टक्कल पडलेल्या थाइमला आणि सेजला सगळ्यात कमी त्रासाचा उपाय म्हणजे झुडूपच अर्धं पुरणं. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला निम्मी जाड वाळू आणि निम्मी चाळलेली माती एकत्र करा. फांद्या बाहेरच्या बाजूला हलकेच पसरवा आणि मधल्या टकलावर हे मिश्रण ओता, इतकं की प्रत्येक फांदीची फक्त वरची चार-पाच सेंटीमीटर पानं बाहेर राहतील. बोटांनी फांद्यांच्या मध्ये मिश्रण दाबून भरा, पोकळी राहिली तर मुळं सुटत नाहीत. पावसाने किंवा पाण्याने ढीग खचला की वरून पुन्हा भर घाला. तीन-चार महिन्यांनी कडेची एक फांदी उकरून बघा. पांढरी मुळं चांगली गुंफलेली दिसली तर ती फांदी मुळांच्या खालून कापून वेगळी लावा. आईझाड गेलं तरी आता हरकत नाही.

रोझमेरीला एकेक फांदी दाबायची. जमिनीलगतची, पेन्सिलच्या जाडीची फांदी घ्या. जिथे माती लागेल तिथे खालच्या बाजूची साल तीन सेंटीमीटर खरवडा, तारेच्या आकड्याने मातीत अडकवा, वर वाळूमिश्रित माती टाका आणि शेंडा काठीला उभा बांधा. उभा बांधला नाही तर तिरकंच रोप मिळतं.

आता छाटकलम. न फुललेला शेंडा, आठ ते दहा सेंटीमीटर, बुडाशी नुकताच कडक व्हायला लागलेला. पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने काप. खालची अर्धी-अधिक पानं काढायची. खाली ओरबाडायची नाहीत, साल सोलून येते. अर्धं परलाइट किंवा जाड वाळू आणि अर्धं कोकोपीट. खत अजिबात नको. थाइम दोन ते चार आठवड्यांत, सेज तीन ते चार, लॅव्हेंडर तीन ते सहा आणि रोझमेरी चार ते आठ आठवड्यांत मुळं धरते. हलकेच ओढल्यावर प्रतिकार जाणवला की झालं.

प्लास्टिकची पिशवी झाकण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. तुळस किंवा लेमन व्हर्बेना यांना तो ठीक. लॅव्हेंडर आणि सेज यांच्या लवदार पानांवर पिशवीच्या आत पाणी साचतं आणि आठवड्याभरात करडी बुरशी येते. त्यांना सावली द्या, वारा लागणार नाही असं ठेवा, झाकू नका.

काडीपैलवान

मुळं फुटायची पावडर लागतेच का?

कलमबहाद्दर

थाइम आणि सेजला नाही. रोझमेरीला आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर, १००० ते ३००० पीपीएमच्या दरम्यानची, लावली तर यशाचं प्रमाण वाढतं आणि मुळं एकसारखी येतात. पण चिमूटभर वेगळ्या वाटीत काढून घ्या, डबीतच काड्या बुडवू नका. आणि जास्तीची झटकून टाका. थर जाड बसला तर टोक काळं पडून सडतं आणि दोष काडीवर जातो.

सालपापुद्रा

मध, दालचिनी, कोरफड वगैरे नको. निर्जंतुक माध्यम आणि मापात पाणी याने जे होतं ते यातल्या कशाने होत नाही.

मातीत_हात

^^ मधावर मतभेद नोंदवून ठेवतो, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल :)

लोखंडी

अवजारांवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

सिकेटर (छाटणीची हातकात्री) दोन प्रकारचे येतात. एकात दोन पाती एकमेकांना घासून कात्रीसारखी पुढे सरकतात. दुसऱ्यात एक पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसतं. जिवंत फांदीला पहिलाच प्रकार. दुसरा फांदी कापण्याआधी चेंगरतो, आणि या झुडपांच्या बारीक, ठिसूळ काड्यांची साल कापाच्या खाली सेंटीमीटरभर चिरते. चिरलेल्या सालीखालचा डोळा गेला. वाळलेल्या लाकडाला मात्र तो दुसरा प्रकार बरा. पहिला सिकेटर धरताना पातळ धारदार पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि जाड बाक बाहेरच्या बाजूला, म्हणजे चेंगरलेला भाग कापून पडणाऱ्या तुकड्यात जातो. उलटं धरणारे फार आहेत.

दोन सेंटीमीटरपेक्षा जाड फांदीवर सिकेटर पिळू नका, घडीची छोटी करवत घ्या. आधी खालून फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच, मग थोड्या बाहेरून वरून काप, शेवटी उरलेला ठोंब नीट काढायचा. एकाच दमात वरून कापलं तर फांदी वजनाने मोडते आणि बुडापर्यंत साल सोलत नेते.

या झाडांचा चीक-तेल पात्यावर काळं राळेसारखं बसतं. प्रत्येक झाडानंतर पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ९० टक्क्यांपेक्षा ७० टक्के चांगलं काम करतं, कारण ते हळू उडतं आणि त्यातल्या पाण्यामुळे जंतूंवर नीट परिणाम होतो. ब्लीच पातं गंजवतं. बुडाशी काळं पडलेलं, मर लागलेलं झाड असेल तर ते सगळ्यात शेवटी.

हिरवी_फांदी

@लोखंडी, खालून खाच घेण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. सेजच्या बुडाशी फांद्या अशाच चिरफाळतात.

ठोंबावरही एक वाक्य: डोळ्याच्या वर दोन-तीन सेंटीमीटर काडी सोडून कापलं तर ती काडी वाळते, आणि ते वाळणं बहुतेक वेळा डोळ्याच्या खाली उतरतं. अगदी डोळ्याला चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. अर्धा सेंटीमीटर. काप किंचित तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला.

बोडकं_झाड

सगळे "जपून, जपून" म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. काही सुगंधी-औषधी झुडपं अशी आहेत की त्यांना जपून छाटलं तर ती बिघडतात.

अडुळसा आणि निर्गुडी: जमिनीपासून हात-दीड हात ठेवून सरळ कापा. जुन्या लाकडातून धुमारे फुटतात. नुसते शेंडे कातरत राहिलात तर वर झाडूसारखा गुच्छ होतो आणि खाली काठ्या.

लेमन व्हर्बेना: थंडीत पानं गाळतं आणि उशिरा जागं होतं, म्हणून मेलं समजून उपटलं जातं. खरवडून बघा, थांबा. फुटवे दिसू लागले की ३० सेंटीमीटरपर्यंत खाली आणा. फुलं नव्या वाढीवर येतात, त्यामुळे नुकसान काही नाही.

सदर्नवूड आणि सँटोलिना: वाढीच्या सुरुवातीला बुडाजवळच्या फुटव्यांपर्यंत, दरवर्षी. सँटोलिनाला मात्र वर्षानुवर्षं तसंच सोडून एकदम कापलं तर दगा देऊ शकतं. हिसप आणि विंटर सॅव्होरी दहा-पंधरा सेंटीमीटरपर्यंत. बे लॉरेल जुन्या लाकडातून फुटतं, पण फार हळू, म्हणून दोन-तीन वर्षांत विभागून. कढीपत्ता झुडपांच्या या यादीत बसत नाही, पण विचारलं जाणारच म्हणून: तोही खोल छाटणी उत्तम सोसतो.

सताप जुन्या फांदीतून फुटतो, मात्र त्याच्या चिकाकडे दुर्लक्ष करू नका. त्यातल्या फ्युरानोकुमारिनमुळे, चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. काळपट डाग महिनोन्महिने राहतात. पूर्ण बाह्या, हातमोजे, ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ, आणि काम झालं की साबणाने हात धुणे.

काडीपैलवान

आणि तुळस?

बोडकं_झाड

तुळस मधल्या वाटेवरची. मंजिऱ्या दोन-तीन सेंटीमीटरच्या असतानाच खाली पानांच्या जोडीपर्यंत खुडत राहिलात तर ती लाकडी व्हायला पुष्कळ वेळ घेते, कारण बी धरायला लागली की पानांची वाढ मंदावते आणि खोड जून होतं. लाकडी झालेलीला एका वेळी एक तृतीयांश कमी करा, प्रत्येक फांदीवर पानांच्या निदान दोन जोड्या ठेवून. पानाविना ठोंब ठेवलात तर फुटेलही, नाहीही. त्यामुळे आधी बी धरून ठेवलेलं बरं, ते सहज उगवतं.

उन्हाळी

वेळेबद्दल सगळ्यांनी थंडी आणि दहिवर गृहीत धरलं आहे. जिथे दहिवर पडतच नाही तिथे धोके दोन वेगळे.

एक, कडक ऊन. दाट झुडपाच्या आतली साल सावलीत वाढलेली असते. ऐन उन्हाळ्यात वरचं छत्र काढलं की दक्षिण-पश्चिमेची साल भाजते, तडकते. उन्हाळ्यात हलकं कातरणं ठीक, सांगाड्याला हात लावू नये. दोन, सततचा पाऊस. ओल्या हवेत कापांतून बुरशी शिरते आणि ओल्या मातीत मुळं आधीच गुदमरलेली असतात. पावसाच्या चार-सहा आठवडे आधी आतल्या फांद्या विरळ करून ठेवल्या तर झुडपात वारा खेळतो. मोठी छाटणी पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर.

दहिवर पडणाऱ्यांसाठीचं गणित: पहिल्या अपेक्षित दहिवराच्या आधी निदान सहा ते आठ आठवडे शेवटची छाटणी, म्हणजे फुटव्याला कडक व्हायला वेळ मिळतो.

आणि कुठेही असाल तरी कोरडा दिवस, पानांवरचा ओलावा उडून गेल्यावर.

कुंडीवाला

कुंडीतल्या झुडपांची गोष्ट निराळी. वर छाटलं आणि मुळं कुंडीभर गुंडाळलेली तशीच राहिली तर फुटवा येतो, पण पिवळट आणि आखूड. कुंडी आडवी करून गड्डा काढा. मुळांची चटई झाली असेल तर बाजूने आणि तळातून दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा थर धारदार सुरीने काढा आणि नवीन निचऱ्याची माती भरा. फक्त वरची जोरदार छाटणी आणि मुळांची छाटणी एकाच दिवशी करू नका. मुळं आधी, मग झाड सावरून नवी पानं दिसली की वरची. वर हलकंच कातरायचं असेल तर दोन्ही एकदम चालतं.

कुंडीच्या मातीत निदान तिसरा हिस्सा जाड वाळू, परलाइट किंवा बारीक खडी हवी. नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत यात लॅव्हेंडर सडतं.

जांभळा_तुरा

+१. छाटणीनंतर पाण्याचंही बघा. पानं निम्मी झाली म्हणजे झाड पाणीही बरंच कमी ओढतं. आधीच्याच मापाने पाणी देत राहिलात तर माती ओली राहते, मुळं सडतात, आणि नाव छाटणीचं होतं. वरची चार-पाच सेंटीमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको.

खताचंही तेच. "छाटलंय, आता ताकद द्या" म्हणून युरिया किंवा शेणखताचा जाड थर दिला की लांब, लुसलुशीत, वास नसलेले फुटवे येतात, त्यांच्यावर मावा चढतो आणि ते वाऱ्याने मोडतात. जमिनीतल्या लॅव्हेंडरला काही देऊ नका. कुंडीतल्याला वाढीच्या सुरुवातीला मूठभर मुरलेलं कंपोस्ट पुरे. आच्छादन घालायचं तर खडीचं, ओल्या पालापाचोळ्याचं नको, आणि तेही खोडापासून बोटभर लांब.

मातीत_हात

कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावावी का, यावर आधीच सांगतो म्हणजे शंभर प्रतिसाद वाचतील. बोटापेक्षा बारीक फांद्यांवर काहीही लावू नका. कोरड्या हवेत काप उघडाच नीट भरतो. रंग किंवा डांबर लावलं तर खाली ओलावा कोंडतो.

करडी_साल

छाटणी होऊन दीड महिना झाला, रोझमेरीची एक अख्खी बाजू तपकिरी पडत चालली आहे. बाकीच्या बाजूला फुटवे आहेत. कात्री चुकली की आणखी काही?

सालपापुद्रा

तीन गोष्टी बघा, याच क्रमाने.

तपकिरी फांद्या खालपर्यंत शोधत जा. सगळ्या एकाच जाड फांदीतून निघत असतील आणि त्या फांदीवर काप उघड्या लाकडात घेतला असेल, तर छाटणीच कारण. त्या फांद्यांवर हिरवं शिल्लकच नव्हतं. बुडाशी नेऊन पूर्ण काढा, बाकी झाडाला धोका नाही.

काप बरोबर असूनही बाजू जात असेल तर बुडाची माती बाजूला करा. जमिनीच्या रेषेशी साल मऊ, काळपट, दाबल्यावर सुटणारी असेल आणि खालचं लाकूड चॉकलेटी असेल तर मूळकूज. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू ओल्या मातीत असंच एकेक बाजूने झाड नेतो. अशा वेळी आणखी छाटू नका. पाणी बंद, आणि निरोगी बाजूचे शेंडे लगेच कलमाला घ्या. त्या जागी पुन्हा याच कुळातलं झाड लावू नका.

तिसरं, पानांच्या मागे बघा. फिकट ठिपके आणि बारीक जाळं असेल तर कोळी (बारीक कीड). छाटणीनंतर उघड्या पडलेल्या, धूळ बसलेल्या पानांवर ते वाढतात. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने, दोन-तीन दिवसांआड. हे सकाळी करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं वाळतात.

करडी_साल

दुसरं दिसतंय. जमिनीलगत एका बाजूची साल बोटाने निघून आली, खाली चॉकलेटी आहे. कलमं किती घ्यावीत? आणि जुनी कुंडी वापरता येईल का?

कलमबहाद्दर

वीसेक घ्या, आजारी झाडाची कलमं कमी लागतात. फुटवे फार कोवळे असतील तर नको, त्यांच्या आधीचे, छाटणीत न कापलेले शेंडे शोधा. कापलेलं बूड हिरवट-पांढरं असलं पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर ती काडी टाकून द्या. मातीला टेकलेले किंवा चिखल उडालेले शेंडे घेऊ नका.

कुंडी मातीची असेल तर पुन्हा वापरू नका, तिच्या छिद्रांत बुरशी राहते. प्लास्टिकची असेल तर घासून धुवा, अर्धा तास एकास नऊ प्रमाणात पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवा, चांगली धुवून उन्हात वाळवा. जुनी माती कंपोस्टमध्ये टाकू नका.

लोखंडी

आणि ज्या सिकेटरने ती बाजू कापली तो आधी पुसून घ्या, मगच कलमं काढायला बसा.